मूलपेशींची आशा आणि रोजचा व्यायाम

कर्जतहून मुंबईकडे निघणारी पहाटेची लोकल दहिवलीकरांच्या अंगवळणी पडलेली आहे. उल्हास नदीवरचा पूल ओलांडावा, स्थानक गाठावे, जागा धरावी आणि दोन तासांनी दादरच्या गर्दीत उतरावे, हा येथील नोकरदारांचा नित्यक्रम. या गाडीतील दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या डब्यात कधीकधी एखादी माता दिसते. मांडीवर चार वर्षांचे मूल. त्याचे पाय ताठ, कात्रीसारखे एकमेकांवर आलेले. मुठी घट्ट मिटलेल्या. डोळे मात्र खिडकीबाहेर धावणाऱ्या झाडांचा बारकाईने पाठलाग करणारे. शेजारच्या प्रवाशाचा प्रश्न ठरलेला असतो : "ताई, याला काय झालं? पोलिओ का?"

अशा एखाद्या कुटुंबाची कल्पना करावी. दहिवलीत घर, बाजारात किराणा मालाचे दुकान, घरात आजी-आजोबा, काका-काकू. बाळ सातव्या महिन्यातच जन्मले आणि काही आठवडे काचेच्या पेटीत राहिले. ते घरी आले तेव्हा सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आठ महिने उलटले तरी ते बसेना, तेव्हा आजी म्हणाल्या, "मुलगे जरा आळशीच असतात. याचे बाबासुद्धा उशिराच चालले." पुढचे वर्ष मालिश, काढे आणि वाट पाहणे यांत गेले. अखेर बालरोगतज्ज्ञांनी निदान सांगितले : सेरेब्रल पाल्सी. त्यानंतर एका रात्री कोणा नातलगाने मोबाइलवर एक चित्रफीत पाठविली. इंजेक्शनपूर्वी जेमतेम रांगणारा मुलगा, इंजेक्शननंतर वॉकर धरून उभा. खाली शब्द होते, 'मूलपेशी उपचार'. खर्च काही लाख रुपये. आईच्या मनात तत्क्षणी बांगड्यांचा हिशेब सुरू झाला. "अहो, सोनं पुन्हा करता येईल. याचे पाय पुन्हा मिळणार नाहीत," ती पतीला म्हणाली.

अशा आईला कोणी दोष देऊ नये. मात्र बांगड्या मोडण्यापूर्वी तिच्यासमोर पूर्ण माहिती असली पाहिजे, आणि ती शांतपणे समजावून सांगणारे कोणीतरी जवळ असले पाहिजे. या लेखाचा हेतू तेवढाच आहे.

आजाराचे स्वरूप

सेरेब्रल म्हणजे मेंदूशी संबंधित आणि पाल्सी म्हणजे पक्षाघात. गर्भात, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत वाढत्या मेंदूला इजा होते, आणि हालचाल व शरीराचा तोल यांवर नियंत्रण ठेवणारा भाग दुखावतो. पोलिओमध्ये मज्जारज्जूतील पेशी मरतात आणि पाय लुळा पडतो. येथे स्नायू जिवंत असतात. त्यांच्यापर्यंत मेंदूकडून येणारा आदेश विस्कळीत असतो. त्यामुळे बहुतेक मुलांचे स्नायू ताठ राहतात. काही मुलांत अनिच्छेने हालचाली होत राहतात, तर थोड्यांचा तोल जातो. कोणाचा एकच हात-पाय, कोणाचे दोन्ही पाय, तर कोणाचे चारही अवयव बाधित होतात. भारतातील पाहण्यांनुसार दर हजार मुलांमागे साधारण दोन ते तीन मुलांना हा विकार असतो.

या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन एकोणिसाव्या शतकात लंडनचे शल्यविशारद विल्यम जॉन लिटल यांनी केले. त्यांचा स्वतःचा एक पाय बालपणीच्या आजाराने वाकडा झालेला होता. १८६२ साली त्यांनी मांडलेल्या निबंधात अशा मुलांच्या ताठ स्नायूंचा संबंध अवघड प्रसूतीशी जोडला. त्यानंतर ३५ वर्षांनी, १८९७ मध्ये, पुढे मानसशास्त्रामुळे जगप्रसिद्ध झालेल्या सिग्मंड फ्रॉइड यांनी वेगळी शंका उपस्थित केली. प्रसूती अवघड झाली, याचे कारण गर्भातच आधी काही बिघडलेले असणे, हेही असू शकेल. आजचे वैद्यक या दोघांनाही अंशतः खरे मानते. अपुऱ्या दिवसांचा जन्म, कमी वजन, गर्भावस्थेतील संसर्ग, मेंदूच्या घडणीतील दोष, जन्मतः श्वास कोंडणे, नवजात अर्भकाची तीव्र कावीळ, मेंदूज्वर अशी अनेक कारणे असतात. पुष्कळदा एकच कारण बोट ठेवून दाखविता येत नाही.

ही गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. आईने गरोदरपणी अमुक खाल्ले, ग्रहणात बाहेर पडली, असे बोल अशा घरांत ऐकू येतात. पूर्वकर्माचा उल्लेखही होतो. वस्तुतः जैन तत्त्वज्ञानाने कर्मसिद्धान्त सांगताना पुरुषार्थाला त्याच्या जोडीने स्थान दिले आहे. कर्माचे नाव घेऊन आईला दुखविणे आणि उपचारात दिरंगाई करणे, हा त्या सिद्धान्ताचा उपयोग खचितच नव्हे.

हातून निसटणारी वर्षे

मेंदूतील मूळ इजा वाढत नाही. तिचे शरीरावरील परिणाम मात्र वाढू शकतात. हाडे वाढतात, पण ताठ स्नायू त्या प्रमाणात लांब होत नाहीत. मग टाच जमिनीला टेकेनाशी होते, गुडघे वाकलेले राहतात. सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये मांडीचे हाड खुब्यातून हळूहळू सरकू लागते. आरंभी ते दुखत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. नंतर दुखू लागते तेव्हा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. ठरावीक काळाने खुब्याचा एक्स-रे काढला, तर हे वेळीच कळते. इतकी साधी गोष्ट असूनही ती अनेक मुलांच्या बाबतीत राहून जाते.

दुसरी बाब काळाची. कॅनडातील संशोधकांनी १९९७ साली या मुलांच्या हालचालींच्या क्षमतेच्या पाच पातळ्या ठरविल्या. पहिल्या पातळीतील मूल आधाराविना चालते. पाचव्या पातळीतील मुलाला मान सावरण्यासाठीही मदत लागते. पुढे शेकडो मुलांच्या प्रगतीची नोंद ठेवल्यावर २००२ मध्ये असे दिसून आले, की स्थूल हालचालींची जी क्षमता मूल पुढे गाठणार असते, तिचा सुमारे नव्वद टक्के भाग पाचव्या वर्षापर्यंत गाठला जातो. तीव्र विकार असलेल्या मुलांत तर तिसऱ्या वर्षाच्या आतच. त्यानंतर शिकणे थांबते, असा याचा अर्थ नाही. हाताचा उपयोग, संवाद, अभ्यास, स्वावलंबन यांत पुढेही दीर्घकाळ भर पडते. परंतु पहिली चार-पाच वर्षे ही हालचालींच्या दृष्टीने सर्वांत मोलाची असतात, यात शंका नाही.

म्हणूनच "मुलगे आळशी असतात" हे प्रेमाने उच्चारलेले वाक्य महाग पडते. चार महिन्यांनंतरही मान न सावरणे, मुठी सतत मिटलेल्या असणे, नऊ महिन्यांनंतरही आधाराविना न बसणे, वर्षाच्या आत एकच हात पुढे करणे, लंगोट बदलताना मांड्या फाकविणे कठीण जाणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. अनुभवी तज्ज्ञ आज बाळाच्या सहज हालचालींचे निरीक्षण, मज्जासंस्थेची तपासणी आणि एमआरआय यांच्या साहाय्याने सहा महिन्यांच्या आतही हे निदान करू शकतात. अपुऱ्या दिवसांच्या आणि काचेच्या पेटीत राहिलेल्या प्रत्येक बाळाची अशी तपासणी व्हावयास हवी.

मूलपेशी म्हणजे काय?

शरीरातील बहुतेक पेशींचे काम ठरलेले असते. मूलपेशी मात्र स्वतःसारख्या पेशी निर्माण करतात आणि प्रसंगी विशिष्ट कामाच्या पेशींतही रूपांतरित होतात. हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत रक्ताच्या मूलपेशी असतात. तेथून आयुष्यभर नवे रक्त तयार होत राहते.

ही केवळ कल्पना नाही, हे मुंबईनेच दाखवून दिले. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णावर अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. भारतातील ते पहिले यशस्वी प्रत्यारोपण होय. डॉ. अडवाणी यांना वयाच्या आठव्या वर्षी पोलिओ झाला होता आणि त्यांचे सारे वैद्यकीय कार्य चाकाच्या खुर्चीतून झाले. पुढे पद्मश्री आणि पद्मभूषण या सन्मानांनी त्यांचा गौरव झाला. अर्भकाच्या नाळेतील रक्तातही अशा पेशी असतात, हे ध्यानात आल्यावर १९८८ मध्ये पॅरिसमध्ये नाळरक्ताचे पहिले प्रत्यारोपण झाले. आज रक्ताचे काही कर्करोग, थॅलेसेमिया, काही जन्मजात रक्तविकार यांवर हा उपचार सर्वमान्य आहे. मूलपेशी हा शब्द ऐकताच थोतांड म्हणून नाक मुरडणे म्हणूनच अयोग्य ठरेल.

परंतु रक्त आणि मेंदू यांत मोठे अंतर आहे. अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणात रक्ताच्या पेशी रक्तच तयार करतात. सेरेब्रल पाल्सीमध्ये मात्र मेंदूतील हरपलेले जाळे पुन्हा विणले जावे, अशी अपेक्षा असते. शिरेतून दिलेल्या पेशींपैकी बहुसंख्य पेशी फुप्फुसांतच अडकतात. मेंदूपर्यंत फार थोड्या पोचतात. त्या तेथे नवे मज्जातंतू बनून कायम राहतात, असे दिसून आलेले नाही. त्या काही रासायनिक द्रव्ये स्रवतात, सूज कमी करतात आणि उरलेल्या पेशींना पोषक वातावरण देतात, असा आजचा मुख्य तर्क आहे. मुंबई-नवी मुंबईसह देशातील काही खासगी केंद्रांत जो उपचार दिला गेला, त्यात बहुधा मुलाच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढतात, तीतील पेशी वेगळ्या करतात आणि पाठीच्या कण्यातील पाण्यात इंजेक्शनने सोडतात. त्याच्या जोडीला काही दिवस कसून व्यायाम करवून घेतात.

पुरावा कोठवर आला आहे?

पुराव्याचा विचार येथेच सुरू होतो. दोन-तीन वर्षांचे मूल सहा महिन्यांत उपचाराविनाही थोडे पुढे जाते. रोज कसून व्यायाम मिळाला, तर आणखी पुढे जाते. आईवडिलांनी मोठा खर्च केलेला असतो. प्रत्येक लहान बदल त्यांना दिसू लागतो, आणि तसे होणे मनुष्यस्वभावाला धरून आहे. मग चित्रफितीतील मुलगा वॉकर धरून उभा राहिला तो वयामुळे, व्यायामामुळे की पेशींमुळे, हे कसे ठरवावे? त्यासाठी मुलांचे दोन गट करावे लागतात. दोन्ही गटांना व्यायाम सारखाच. एका गटाला पेशी, दुसऱ्याला पेशींसारखे दिसणारे साधे द्रव. कोणाला काय दिले, हे तपासणाऱ्यालाही ठाऊक नसते.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. जोआन कुर्ट्झबर्ग यांच्या गटाने अशीच एक चाचणी केली. एक ते सहा वर्षे वयाच्या ६३ मुलांना त्यांचेच साठविलेले नाळरक्त किंवा साधे द्रव देण्यात आले. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका वर्षानंतर दोन गटांच्या सरासरी प्रगतीत फरक आढळला नाही. मात्र ज्या मुलांना वजनाच्या मानाने अधिक पेशी मिळाल्या होत्या, त्यांची प्रगती अपेक्षेहून बरी होती. त्यानंतर अनेक देशांतील चाचण्यांची माहिती एकत्र करून पाहिली असता नाळरक्ताने हालचालींत लहानशी सुधारणा होत असल्याचे दिसले; लहान वयाच्या आणि सौम्य विकाराच्या मुलांत ती अधिक होती. तेव्हा दार पूर्ण बंद झालेले नाही. परंतु ही सुधारणा 'लहानशी' आहे, आणि ती नाळरक्ताविषयीची आहे. कमरेच्या हाडातून काढून पाठीत दिलेल्या पेशींना तोच निष्कर्ष परस्पर लावता येत नाही.

तर्काला पटते म्हणून उपचार लागू पडतोच असे नाही, याचे एक उदाहरण आपल्याच भूमीवर घडले. जन्मतः श्वास कोंडलेल्या अर्भकाला तीन दिवस थंड ठेवल्यास मेंदूची हानी घटते, असे श्रीमंत देशांत सिद्ध झाले होते. भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील रुग्णालयांत ४०८ अर्भकांवर त्याची काटेकोर चाचणी झाली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आला. येथे त्याचा लाभ झाला नाही. उलट थंड ठेवलेल्या गटात मृत्यू अधिक झाले. चाचणी झाली नसती, तर सद्हेतूने अपाय होत राहिला असता.

धोक्यांचाही विचार हवा. पाठीत सुई टोचल्यावर डोकेदुखी, उलट्या, ताप येऊ शकतो. अशा उपचारानंतर काही मुलांना आकडी आल्याच्या नोंदी आहेत. मज्जा काढण्यासाठी भूल द्यावी लागते. परक्या पेशींचा धोका याहून गंभीर असतो. इस्रायलमधील एका मुलाला वेगळ्या मेंदूविकारासाठी मॉस्को येथे गर्भाच्या मेंदूतील पेशी देण्यात आल्या होत्या. काही वर्षांनी त्याच्या मेंदूत व मज्जारज्जूत गाठी आढळल्या. त्या दात्यांच्याच पेशींपासून वाढल्या होत्या, असे २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले.

भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली मूलपेशींविषयी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रक्तविकारांसाठीचे मान्य प्रत्यारोपण वगळता अन्य आजारांत मूलपेशींचा वापर नोंदणीकृत चाचणीतच व्हावा, आणि चाचणीतील रुग्णाकडून त्याचे मूल्य घेऊ नये, असा त्यांचा आशय आहे. सेरेब्रल पाल्सी या मान्य आजारांच्या यादीत नाही.

आईवडिलांनी विचारावयाचे प्रश्न

कोणत्याही केंद्रात गेल्यावर पुढील प्रश्न नम्रपणे, पण नेमकेपणाने विचारावेत.

१. हा उपचार आहे की चाचणी? चाचणी असल्यास भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीतील, म्हणजे 'सीटीआरआय'मधील तिचा क्रमांक काय? ही नोंदवही सर्वांना पाहता येते.

२. चाचणी असल्यास पैसे कशाचे घेतले जात आहेत? मुलाला इजा झाल्यास भरपाई कोण देणार?

३. पेशी कोठून घेणार, प्रयोगशाळेत वाढविणार काय, आणि कशात वाढविणार?

४. पेशी न देता तेवढाच व्यायाम दिलेल्या मुलांशी तुलना केलेली आहे काय?

५. आमच्या मुलाची पातळी कोणती, आणि वर्षभरात नेमका कोणता बदल अपेक्षित आहे? 'सुधारणा होईल' एवढे उत्तर पुरेसे नाही. 'आधाराविना दहा मिनिटे बसेल' असे मोजता येणारे उत्तर हवे.

तिसरा प्रश्न जैन कुटुंबांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. मुलाच्या स्वतःच्या मज्जेतून किंवा नाळेतून घेतलेल्या पेशींसाठी कोणाचा जीव जात नाही. भ्रूणापासून मिळविलेल्या पेशींसाठी मात्र तो भ्रूण नष्ट करावा लागतो. शिवाय पेशी प्रयोगशाळेत वाढविताना अनेक ठिकाणी गाईच्या गर्भस्थ वासराच्या रक्तापासून काढलेला द्रव वापरतात. त्याला पर्याय म्हणून मानवी रक्तघटकांचा उपयोगही करता येतो. विचारल्याशिवाय हे कोणी सांगत नाही. विचारण्यात संकोच नसावा.

याच ओघात नाळरक्त पेढीविषयी. गरोदर स्त्रीच्या घरी या पेढ्यांची माहितीपत्रके येतात आणि 'बाळाचा जैविक विमा' म्हणून मोठी रक्कम भरली जाते. बाळाच्या स्वतःच्या भावी उपयोगासाठी खासगी पेढीत नाळरक्त साठविण्याची शिफारस भारतीय वैद्यक संशोधन परिषद करीत नाही, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये तसेच मत नोंदविले. घरात आधीच एखाद्या मुलाला प्रत्यारोपणाने बरा होणारा रक्तविकार असेल, तर गोष्ट वेगळी.

सिद्ध झालेला मार्ग

ज्यांची उपयुक्तता सिद्ध झाली आहे, अशा गोष्टी चित्रफितीत भव्य दिसत नाहीत. घरी रोज, ठरविलेले काम पुनःपुन्हा करणे, ही त्यांतील पहिली. तज्ज्ञाने हातपाय वाकवून द्यावेत आणि मुलाने पडून राहावे, यापेक्षा मुलाने स्वतः प्रयत्न करावा, याला अधिक फळ येते. चमचा तोंडापर्यंत नेणे, खुर्चीवरून उठणे, दोन्ही हातांनी डबा उघडणे अशी लहान उद्दिष्टे ठरवून ती गाठावीत. एकच बाजू बाधित असेल, तर चांगला हात ठरावीक वेळ बांधून दुर्बल हाताला काम द्यावे. ताठरपणा फार असल्यास बोट्युलिनम विषाची इंजेक्शने, औषधे, पायाचे प्लॅस्टर किंवा स्प्लिंट, योग्य वेळी शस्त्रक्रिया. आकडीवर नियमित औषध. नजर, श्रवण व दात यांची तपासणी. गिळता न येणाऱ्या मुलाला बसवून, मऊ अन्न हळूहळू भरविणे. बोलता न येणाऱ्या मुलासाठी चित्रांची पाटी किंवा मोबाइलवरील बोलणारे अ‍ॅप शब्दांचे काम करते.

कर्जत-खालापूरच्या कुटुंबासाठी खरी अडचण अंतराची आहे. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग घाटापलीकडे नसले, तरी दूर आहे. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून कार्यरत असलेली अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था गाठायची, तर लोकल बदलत अर्धा दिवस जातो. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी तेथे जाऊन कार्यक्रम ठरवून घ्यावा आणि रोजचा व्यायाम घरी करावा, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. आजी, काकू, मोठी बहीण यांनी तो शिकून घेतला, तर आईच्या खांद्यावरचा भार हलका होतो.

हक्कांची माहितीही उपचाराइतकीच उपयोगाची. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा स्पष्ट समावेश आहे. त्याअंतर्गत 'निरामय' या आरोग्य विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि नियमित थेरपीचा खर्चही त्यात येतो. मूल सज्ञान झाल्यावर पालकत्वाची कायदेशीर व्यवस्थाही याच कायद्याने होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत या विकाराचा समावेश असून ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत व शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाकडूनही मुलाला पुढील केंद्रात पाठविता येते. या सर्वांसाठी दिव्यांगत्वाचे 'यूडीआयडी' ओळखपत्र लवकर काढून ठेवावे.

आणि येथे समाजाचाही प्रश्न आहे. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी औषधदान समाजात मनापासून होते. एखाद्या मुलाच्या मोठ्या उपचारासाठी आवाहन झाले, की रक्कम उभी राहते. एका इंजेक्शनासाठी जमणाऱ्या त्याच रकमेत एखादा फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोन दिवस तालुक्याच्या गावी येऊ शकेल, आणि एका मुलाऐवजी अनेकांना वर्षानुवर्षे त्याचा लाभ होईल. मापाची खुर्ची, उभे राहण्याची चौकट, पायाचे स्प्लिंट, मुंबईतील मुक्कामाची सोय, यांतही औषधदानच आहे.

एका बोटाची गोष्ट

मालिनी चिब यांचा जन्म १९६६ चा. सेरेब्रल पाल्सीमुळे त्यांना चालता येत नाही आणि बोलणे अतिशय कष्टाने होते. भारतात त्या काळी अशा मुलांच्या शिक्षणाची सोयच नव्हती. त्यांच्या मातोश्री डॉ. मिठू अलूर यांनी इंग्लंडमध्ये विशेष शिक्षणाचा अभ्यास केला आणि १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली. हीच संस्था आज 'अडॅप्ट' या नावाने ओळखली जाते. मालिनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, लंडनमध्ये उच्च शिक्षण घेतले, मुंबईत पुस्तकांच्या दालनात नोकरी केली आणि एका बोटाने टंकलेखन करून 'वन लिटल फिंगर' हे आत्मकथन लिहिले. त्यांचे पाय चालू लागले नाहीत. त्यांना शिक्षण मिळाले, संवादाचे साधन मिळाले आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेणारी माणसे मिळाली.

प्रत्येक मूल मालिनी होणार नाही. काहींची बौद्धिक वाढही बाधित असते. पण प्रत्येक मुलाची कोणती तरी पुढची पायरी असते. दहिवलीच्या त्या घरातील बांगड्या मोडाव्यात की न मोडाव्यात, हे त्या आईवडिलांनीच ठरवायचे आहे. संशोधन पुढे जात राहील. उद्या पुरावा बदलला, तर सल्लाही बदलेल. तोवर व्यायामाचा एकही दिवस चुकू नये, खुब्याचा एक्स-रे राहू नये, शाळेतला प्रवेश लांबणीवर पडू नये. या गोष्टी उद्यावर टाकल्या, तर नंतर मूलपेशींनीही त्या भरून येणार नाहीत.

आणि लोकलमधील त्या शेजारच्या प्रवाशानेही एक करावे. पुढच्या वेळी "याला काय झालं?" असे आईला विचारण्याऐवजी त्या मुलाकडे पाहून त्याचे नाव विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थोडे थांबावे. उत्तर शब्दांत येईल, हास्यात येईल किंवा चित्रांच्या पाटीवरच्या बोटातून येईल. त्याला वेळ लागेल. कर्जत ते दादर हा प्रवास त्यासाठी पुरेसा मोठा आहे.